"नास्तिकांची जीभ फक्त हिंदूंवरच चालते" म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

सध्या बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मराठी ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: नास्तिकपणा हे बाहेरून आलेलं खूळ आहे, ह्यांची जीभ फक्त हिंदूंवर चालते, देव न मानणाऱ्याला नीती नसते, अंधश्रद्धेविरुद्धचा कायदा म्हणजे पूजाअर्चा बंद पाडायचा डाव आहे, टीका करून श्रद्धा दुखवायचा हक्क कुणाला नाही, आणि संकट आलं की हे सगळे देवाच्या पाया पडणारच. मी देव मानत नाही हे घरात आणि गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं बऱ्याच जणांनी तो मला मुद्दाम पाठवला, "आता बोल की" म्हणून. तर बोलतो.

बाहेरून आलेलं खूळ? देव-परलोक न मानणारे आपल्याकडचे जुने चार्वाक कुठून आले होते मग? 14व्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रह लिहिला, त्यातलं पहिलंच प्रकरण चार्वाकांवर आहे, पुढं ते खोडून काढलंय हे खरं, पण आधी त्यांचं म्हणणं मांडून मग खोडलंय, शिव्या घालून ग्रुपमधनं काढून टाकलेलं नाही. रामायणात जाबाली प्रत्यक्ष रामासमोर परलोक नाही म्हणून वाद घालतो, रामाला राग येतो, पण तो वाद ग्रंथात राहिलाय. आगरकर तर कराडजवळच्या टेंभूचे, त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी, तरी ते लिहीत राहिले. आणि आपल्या भागाचंच बघायचं तर खानापूरच्या कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा जिथं कृष्णेला मिळते त्या कूडलसंगमाच्या देवाचे भक्त बसवण्णा. ते नास्तिक नव्हते, मी त्यांना नास्तिकांत ओढत नाही. पण दगडाच्या नागाला दूध घालता आणि खरा नाग दिसला की मारा म्हणता, हे 12व्या शतकात त्यांनीच विचारलं ना? आज असं कुणी स्टेटसला टाकलं तर त्याला काय काय ऐकून घ्यावं लागेल याचा विचार करा.

आता "फक्त हिंदूंवर". हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो लोकांना, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हमीद दलवाई हे नाव किती जणांनी ऐकलंय? 18 एप्रिल 1966 ला त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सातच बायका, पण त्या काळात! 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आपल्याच समाजाचा रोष आयुष्यभर सोसला. 2012 ला मुंबईत विलेपार्ल्याला येशूच्या मूर्तीच्या पायातनं पाणी ठिबकायला लागलं, लोक तीर्थ म्हणून घ्यायला लागले, तर विवेकवादी सनल एडामरुकूंनी जाऊन दाखवलं की मागं तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतनं वर चढून येतंय. त्यावर काही कॅथलिक लोकांनी पोलिसात तक्रारी केल्या आणि त्या माणसाला देश सोडून फिनलंडला जावं लागलं. 2017 ला कोइमतूरला फारूक नावाच्या तरुणाला तो नास्तिक झाला, उघड लिहायला लागला म्हणून मुस्लिम कट्टरवाद्यांनी भोसकून मारलं. ह्यातलं एकही नाव त्या मेसेजमध्ये नाही, कारण एक जरी घातलं तरी मेसेजच खोटा पडतो.

मग आमच्याकडं हिंदू रूढींवर जास्त का बोलतात? कारण आम्ही त्याच घरात जन्मलो, तेच बघत मोठं झालो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला माझी आईपण जाते, परडी भरते, भंडारा लावते, मी तिला एसटी स्टँडवर सोडून येतो. पण त्याच देवीच्या नावानं पोरी देवदासी म्हणून सोडायची चाल होती, ती बंद करायला कर्नाटकाला 1982 ला कायदा करावा लागला. त्या पोरी कुणाच्या होत्या? हिंदूंच्याच, आणि बहुतेक दलितांच्या. त्यांच्या बाजूनं बोलणं हे हिंदूंच्या विरोधात कसं काय होतं, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

कायद्याचं तर फारच खोटं पसरवलंय. आधी एक गोष्ट नीट घ्या, आपल्या ग्रुपवर जो फिरतो तो महाराष्ट्राचा 2013 चा कायदा, तो इथं लागू नाही. आपण कर्नाटकात राहतो, इथला कायदा वेगळा आहे, 2017 ला विधानसभेत झाला आणि जानेवारी 2020 पासून लागू आहे. पण तो कन्नड-इंग्रजीत, आणि आपले बरेच मराठी लोक कन्नड कागद वाचायच्या भानगडीत पडत नाहीत, म्हणून तिकडनं काय येईल ते खरं मानतात. त्या कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्ट सूट दिलीय, लहान पोरांचे कान-नाक टोचायला आहे, जैन मुनींच्या केशलोचाला (हातानं केस उपटून काढण्याला) आहे, एवढंच काय ज्योतिषी आणि वास्तुवाल्यांनासुद्धा आहे (ती द्यायला नको होती असं माझं मत). बंदी कशाला? नरबळीला, गुप्तधनासाठी चालणाऱ्या अघोरी प्रकारांना, भूत उतरवतो म्हणून माणसाला मारझोड करायला, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसायला. ह्यातलं कुठलं तुमच्या देवघरात चालतं, सांगा.

जटेचं सांगतो, कारण हे मी जवळनं बघितलंय. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईला जट आली होती. केस विंचरायचे राहून गेले, गुंता झाला, मग सासू म्हणाली देवीनं बोलावलंय, हात लावायचा नाही. वर्षानुवर्षं ती तशीच वाढली, हाताच्या मनगटाएवढी जाड आणि लाकडासारखी कडक. त्या बाईला सरळ पाठीवर झोपता यायचं नाही, मान एका बाजूला आखडलेली, उवा, खाज, आणि आंघोळ केली की दिवसभर ओली जट डोक्यावर, त्याचा वास. कापली तर घरात माणूस जाईल ही भीती एवढी की तिचा नवरा जट काढायला सांगणाऱ्या कार्यकर्त्यांना दारात उभं करून घेईना. ते परत परत येत राहिले, एकदासुद्धा देवीबद्दल वाकडा शब्द बोलले नाहीत. शेवटी तिनं स्वतःच पाट मांडला आणि बसली. साध्या कात्रीला जट कापेना, मोठी कात्री आणावी लागली. नंतर ती सारखी मान फिरवून बघत होती. ती आजही डोंगराला जाते, "उदं गं आई" तिचं सुटलेलं नाही. धर्म बुडाला कुठं ह्यात? बाईची मान मोकळी झाली.

नीतीबद्दल. चिक्कोडी-अथणी भागात आपल्या शेजारी किती जैन शेतकरी आहेत बघा. ते स्वतःला नास्तिक म्हणवत नाहीत आणि कर्म, मोक्ष सगळं मानतात, पण जग निर्माण करणारा देव जैन दर्शन मानत नाही. त्यामुळं ते मुंगीवर पाय द्यायला लागले काय? उलटंच आहे. मग जग बनवणारा देव नाही म्हटलं की नीती गेली, हे कसं? नास्तिक हुकूमशहा स्टालिनच्या जुलमाचं उदाहरण देतात तर ते खरंच आहे, आणि अल्बानियानं 1967 ला धर्मच बेकायदा केला होता, तेही वाईटच. जबरदस्तीनं देव सोडायला लावणं मला मान्य नाही. संविधानाचं कलम 25 तुमच्या पूजेला जेवढं आहे तेवढंच माझ्या न करण्याला आहे. आमदार-खासदारांच्या शपथेतसुद्धा ईश्वराच्या नावानं किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, असे दोन्ही पर्याय दिलेत.

श्रद्धा दुखावते म्हणता. दुखावते, मला कळतं, आईशी बोलताना मी शब्द जपून वापरतो. पण एवढ्यासाठी तोंडच बंद करायचं? कायदासुद्धा जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानाला गुन्हा म्हणतो, प्रश्न विचारण्याला नाही. आणि दुखावण्याचा हिशोब करायचाच तर पुरा करा. असे प्रश्न विचारणाऱ्या तिघांना गोळ्या घालून मारलं. 20 ऑगस्ट 2013 पुणे, दाभोलकर. फेब्रुवारी 2015 कोल्हापूर, पानसरे. 30 ऑगस्ट 2015 धारवाड, कलबुर्गी सर, घराच्या दारात. कोल्हापूर आणि धारवाड दोन्ही आपल्याच हायवेवर आहेत, बेळगाव मधोमध. ह्या तिघांनी कुणाच्या अंगाला बोट तरी लावलं होतं का? त्यांच्या घरच्यांचं दुखणं त्या मेसेजच्या कुठल्या ओळीत आहे?

राहिलं संकटाचं. भगतसिंगांना लाहोरच्या तुरुंगात हेच ऐकवलं होतं, शेवटचे दिवस आले की तूपण मानशील म्हणून. ते म्हणाले नाही, तसं होणार नाही, आणि आपण देव का मानत नाही हे 1930 च्या ऑक्टोबरमध्ये तुरुंगातच सविस्तर लिहून काढलं. 23 मार्च 1931 ला फाशी झाली. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या डीपीवर त्यांचाच फोटो आहे, त्यांनी तो लेख एकदा वाचावा, मराठीत मिळतो.