संगीतपट पाहताना पाळायची पथ्ये

‘मला संगीतपट आवडत नाहीत’ असे एकदा चारचौघांत जाहीर केले की ते मत जपण्याची जबाबदारी जन्माची होते. नागपुरात तर ती फारच जड, कारण मे महिन्यात भर दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते आणि घरातले कोणीतरी कूलर सुरू करून जुना गाजलेला चित्रपट लावतेच. तो हॉलिवूडचा १९५२ चा संगीतपट ‘सिंगिंग इन द रेन’ निघाला, तर पुढील पथ्ये पाळावीत.

आक्षेप आधीच ठरवून बसावे. ‘खऱ्या आयुष्यात माणसे अशी रस्त्यात नाचतात का?’ हा सर्वांत भरवशाचा आक्षेप. तो घेताना आवाज मात्र बेताचा ठेवावा, कारण गेल्या लग्नसराईत धरमपेठेत वाहतूक अडवून, फेटा सावरत वरातीपुढे आपण जे काही केले, ते मेहुण्याच्या मोबाइलमध्ये सुरक्षित आहे. कोणी मारबतीच्या मिरवणुकीतल्या नाचाचा विषय काढलाच, तर ती परंपरा आहे असे सांगून मोकळे व्हावे. परंपरेला कथानक लागत नाही.

गाण्यामुळे कथानक खोळंबते, असेही म्हणता येते. त्यासाठी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आल्यापासून आपल्या पूर्वजांनी ‘वन्स मोअर’ देऊन किती पात्रांना जागच्या जागी खोळंबून ठेवले, याचा सोयीस्कर विसर पडला पाहिजे. वसंतराव देशपांडे सभागृहात नाट्यपदांचा कार्यक्रम असला की पुढच्या रांगेच्या पासेससाठी आपण कोणाकोणाला फोन करतो, तेही त्या वेळी आठवू नये.

खरी पंचाईत अशी की हा चित्रपट आपल्यासारख्या संशयी माणसाला फितवतो. काळ १९२७ चा. मूकपट मागे पडून बोलपट येत आहेत आणि एका स्टुडिओला अर्धवट झालेला मूकपट घाईघाईने बोलका करायचा आहे. मायक्रोफोन झुडपात दडवलेला, आणि नायिका बोलता बोलता मान वळवते, त्यामुळे अर्धे वाक्य ऐकू येते, अर्धे हवेत विरते. मग तो तिच्या छातीपाशी बसवतात, तर हृदयाचे ठोके नगाऱ्यासारखे वाजू लागतात. येथे हसू आवरत नसेल तर खुशाल हसावे. गाणे चालू नसल्यामुळे ते आपल्या मताविरुद्ध धरले जात नाही.

पुढे या कर्कश नायिकेला दुसऱ्या मुलीचा आवाज उसना दिला जातो. त्या मुलीचे काम करणाऱ्या डेबी रेनल्ड्सचेच एक गाणे पडद्याआड बेटी नॉइसने गायले होते, हे कळताच ‘पाहा, सगळी फसवणूक!’ असे उद्गार काढण्याचा मोह होईल. तो आवरावा. हिंदी चित्रपटात पार्श्वगायन १९३५ पासून आहे, आणि किती नायिका लताबाईंच्या आवाजात गायल्या यावर आपण कधी तक्रार केल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

सर्वांत मोठा धोका पावसाच्या गाण्यात आहे. नायक जीन केली छत्री मिटतो, दिव्याच्या खांबावर चढतो, पन्हळीच्या धारेखाली तोंड वर करून उभा राहतो आणि मग डबक्यात लहान मुलासारखा उड्या मारतो. अशा वेळी नजर नायकावरून काढून रस्त्यावर न्यावी. नृत्याच्या आखणीप्रमाणे तेथे मुद्दाम खड्डे खणले होते. आपल्या शहरातले खड्डे कोणत्या नृत्याच्या आखणीप्रमाणे आहेत, याचा विचार करू लागले की निम्मे गाणे निघून जाते. उरलेल्या वेळात, पाऊस नीट दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळले होते, ही दंतकथा मोठ्याने सांगावी. खरी करामत मागून टाकलेल्या प्रकाशाची होती, पण खरी माहिती दिली की लोक लक्ष देऊन पाहू लागतात. चित्रीकरणाच्या वेळी केलीला १०३ अंश ताप होता असे सांगतात, त्याचा तर उच्चारही नको. शिंक आली की दोन दिवस अंथरूण धरणाऱ्या गृहस्थाकडे घरातली मंडळी वेगळ्या नजरेने पाहू लागतील.

शेवटी पोलीस हाताची घडी घालून समोर उभा राहतो, तेव्हा हा आपल्या बाजूचा माणूस आहे असे समजून धीर धरावा. तरीही पाय ठेका धरू लागलाच, तर कूलरमध्ये पाणी टाकायचे निमित्त करून उठावे. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘छायाचित्रण बरे आहे’ एवढे उत्तर पुरते. फक्त रिकामी बादली घेऊन परतताना तीच चाल शिळेवर वाजवत येऊ नये, कारण मग छायाचित्रणावर कोणाचा विश्वास बसत नाही.