दृष्टीआड ड्रोन

खोक्यावर ठळक अक्षरात छापलंय, रेंज १० किलोमीटर. त्याच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात अजून एक ओळ आहे, मध्ये काही आडवं येत नसेल तर. आता नाशिक जिल्ह्यात काही आडवं येत नाही अशी जागा कुठंय ते सांगा मला, जिकडं बघावं तिकडं एक डोंगर उभाच असतो. माझं ड्रोन ६०० मीटरवर गेलं. गेलं म्हणजे पडलं नाही, नुसतं गेलं. स्क्रीनवर चित्र आधी चौकोन चौकोन झालं, मग गोठलं, आणि मग रिमोट टूं टूं करायला लागला.

मुळात मी राहतो नाशिकरोडला, म्हणजे ड्रोनवाल्यासाठी नशीबच फुटकं. एका बाजूला नोटांचा छापखाना, दुसरीकडं देवळालीला तोफखाना, ओझरला विमानांचा कारखाना आणि विमानतळ. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशा बघून उडवायचं असतं, हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, आणि २५० ग्रॅमपर्यंतचं खेळणं हौसेपुरतं उडवायला लायसनही लागत नाही. माझं २४९ ग्रॅमचं आहे. एक ग्रॅमने वाचलोय, घरातलं एवढं एकच वजन ताब्यात आहे. पण आमच्याकडं हिरवा भाग शोधणं म्हणजे रविवारी सकाळी मिसळच्या हॉटेलात रिकामं टेबल शोधणं. म्हणून मग मी आईला म्हटलं, चल मामाकडं जाऊन येऊ गिरणाऱ्याला. आई खुश, तिला वाटलं पोराला नाती कळायला लागली.

मामाचा द्राक्षाचा प्लॉट, मागं एक टेकडी. फार नाही, ६०-६५ मीटर उंच असेल. मामा म्हणाला, "उडव भो, वरून बघू दे मला बाग कुठं पिवळी पडून राह्यली." पिकअपच्या हौद्यातून ड्रोन उडवलं, मामेभाऊ रील करायला मोबाईल घेऊन तयार, मामी पदराला हात पुसत दारात, आई शेजारणीला सांगतेय की माझ्याच पोराचंय. बाग बघून झाली, छान दिसली. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण एवढं पब्लिक जमलं की माणसाला चेव येतो ना, मी म्हटलं टेकडीच्या मागं काय आहे ते दाखवतो. मामा म्हणाला, "मागं काय नाय, नानाचं रान हाये." म्हटलं बघू तर खरं. ४० मीटर उंचीवरून टेकडीला वळसा घातला, आणि टूं टूं.

पहिली दहा सेकंद मी हसत होतो. कारण सिग्नल तुटला की ड्रोन आपोआप घरी येतं, रिटर्न टू होम म्हणतात त्याला, मी सगळ्यांना तसं सांगितलंही, अगदी मास्तरासारखं. उडताना जीपीएसवर जागा लक्षात ठेवतं, मग ठरवलेल्या उंचीवर चढतं आणि सरळ रेषेत निघून येतं. सगळे आभाळाकडं बघत उभे. एक मिनिट झालं. मामी म्हणाली, "चहा टाकू का तोवर?"

आणि मग मला ते लग्न आठवलं. आदल्या आठवड्यात मित्राच्या लग्नात हॉलच्या आत उडवलं होतं, आणि छताखाली उडवताना ही घरी यायची सेटिंग बदलावी लागते, नाहीतर सिग्नल गेला की ते वर चढून थेट झुंबरात घुसायची भीती. म्हणून मी 'आहे तिथं थांब' करून ठेवलेलं. ते परत बदलायचं कोणी? तर आता टेकडीच्या मागं ड्रोन आज्ञाधारक बाळासारखं हवेत जागच्या जागी उभं होतं.

चित्र गोठलं तेव्हा बॅटरी ५२ टक्के होती. मी मनातल्या मनात हिशोब केला. बॅटरी संपत आली की मात्र ते कुणाचं ऐकत नाही, घराकडं निघतं. पण घरी यायची उंचीही मी हॉलसाठी कमी करून ठेवलेली, म्हणजे ते आणखी वर न चढता निघणार होतं त्याच ४० मीटर उंचीवरून, सरळ रेषेत. आणि सरळ रेषेत काय, तर ६० मीटरची टेकडी. माझ्या मॉडेलला पुढचं दिसणारे सेन्सर नाहीत, ते फक्त खाली बघतं, नव्या सुनेसारखं.

मी रिमोट डोक्यावर धरून पाण्याच्या टाकीवर चढलो. खालून मामाला एकदम जुने दिवस आठवले, दूरदर्शनचा अँटेना फिरवायचे ते, तो ओरडायला लागला, "आलं का? जरा डावीकडं घे! आता?" आणि मी पण इतका गडबडलेलो की डावीकडं घेतला. त्यात शहाणपणा असा की रिमोटची दोन्ही शिंगं भाल्यासारखी टेकडीवर रोखून धरलेली. शेंड्यातून सिग्नल सगळ्यात कमी निघतो, तो निघतो बाजूनं, म्हणजे बाजू ड्रोनकडं करायची असते. अर्थात बाजू केली असती तरी दगड तो दगडच. २.४ गिगाहर्ट्झची लाट असते साडेबारा सेंटीमीटरची, तिला टेकडी भेदता येत नाही की वळसा घालून जाता येत नाही. आणि नुसती सरळ रेषा मोकळी असूनही भागत नाही, काकडीसारखी मधोमध फुगलेली जागा मोकळी लागते, ६०० मीटरला मधोमध चारेक मीटर वरखाली, म्हणजे टेकडीच्या डोक्यावरून ड्रोन डोळ्यांना दिसत असलं तरी सिग्नल खरचटूनच येणार. हे सगळं मी टाकीवरून मामाला समजावलं. मामा म्हणाला, "आरे मंग सरळ सांग ना, दृष्टीआड सृष्टी." बीएस्सीला मला हे दोन वर्षं लागलं.

पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाणाऱ्यांना तर हे पाठच असतं. कसारा घाटातला बोगदा आला की निम्मा डबा "हॅलो, हॅलो, घाट आलाय" म्हणून फोन खाली ठेवतो. कोणी डब्यातच सीटवर चढून फोन वर धरत नाही. उपाय एकच, बोगद्याच्या बाहेर जायचं. तेवढी अक्कल मला टाकीवर येईपर्यंत चार मिनिटं गेली होती.

मामेभावाच्या बुलेटवर मागं उलटा बसलो, का उलटा ते विचारू नका, आणि टेकडीला वळसा घालून निघालो. चारीतून, टोमॅटोच्या बांबूंमधून, एका ठिकाणी तर कोणाच्या तरी खळ्यातून, तिथल्या कुत्र्यानं अर्धा किलोमीटर सोबत केली. टेकडीची कड मागं पडली आणि रिमोट एकदम गप्प झाला. चित्र आलं! बॅटरी २९. मला रडू यायचं बाकी होतं.

चित्रात एक बांध होता. बांधाच्या मधोमध पांढरी टोपी, आणि टोपीखालचा माणूस कमरेवर हात ठेवून वर बघत होता, सरळ माझ्या डोळ्यात.

हे नाना. आता आतली गोष्ट अशी की नानांचं आणि मामाचं ह्याच बांधावरून बारा वर्षं बोलणं बंद आहे, कोणी कोणाचा बांध कोरला ह्यावर. गावठाणात मागं ड्रोननं मोजणी झाली होती, त्यामुळं ड्रोन म्हणजे मोजणी हे तिकडं पक्कं. आणि माझं ड्रोन नेमकं त्या बांधावर सात मिनिटं, एक इंच न हलता, मोहोळासारखं गुणगुणत उभं.

"नोटीस न देता मोजणी?" नाना लांबूनच.

"नाना, मोजणी नाही हो, सिग्नल गेला होता."

"सिग्नल गेला आणि बरोबर बांधावर थांबलं?"

ह्यावर काय बोलणार. मी ड्रोन खाली घेतलं, हातातच पकडलं, नानांनी ते उलटंपालटं करून बघितलं, वजनाला हातावर तोललं आणि विचारलं, "शूटिंग निघालं का याच्यात?" निघालं होतं. सिग्नल गेला तरी ड्रोनमधल्या कार्डावर रेकॉर्डिंग चालूच राहतं. सात मिनिटं, नुसता बांध, वरून, एकदम स्वच्छ, आणि वरून बघितलं तर तो मधे एका ठिकाणी बायकोनं चिडून लाटलेल्या पोळीसारखा वाकडा झालेला स्पष्ट दिसतो. कोणाच्या बाजूला वाकडा ते मी इथं लिहिणार नाही, दोन्हीकडची माणसं मोबाईल वापरतात.

नानांनी व्हिडिओ मागितला, मी पाठवतो म्हटलं. संध्याकाळपर्यंत मामाला कळलं की नानाकडं व्हिडिओ जाणार आहे, त्यानंही मागितला, आणि वर म्हणाला, पहिलं मला. आईनं निघताना मामीनं दिलेल्या द्राक्षाच्या पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

तेव्हापासून मामाचा रोज दोनदा फोन येतो, नानांचा एकदा. मी उचलतो, "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" म्हणतो आणि ठेवून देतो. मामानं काल आईला विचारलं, नाशिकरोडला घाट कधी झाला म्हणून.