रुकडीच्या फलाटावरचा माणूस

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातली एक गोष्ट आधी पट्टी लावून तपासायची होती आणि दुसरी मनातून जात नव्हती.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या महिन्यात मी माझ्या मागच्या खोलीतल्या लेआउटवर, म्हणजे लहान रुळांवर लहान गाड्या चालतात त्या देखाव्यावर, लिहिलं होतं. कोल्हापूर–मिरज लाइनवरचं, मीटरगेजच्या (एक मीटर रुंदीच्या रुळांच्या) काळातलं रुकडी स्टेशन, लहान प्रमाणात केलेलं. फोटोही टाकले होते. त्यावर हातकणंगल्याच्या या वाचकांचं म्हणणं असं, की याला मीटरगेज म्हणू नका, फोटोतच रूळ रुंद दिसतात. शिवाय ज्या गावाला पुराने एवढं रडवलं, त्या गावात निवृत्त माणसाने पैसा आणि वेळ पोरखेळात घालवणं शोभत नाही. आणि शेवटी त्यांनी पॉइंट्समनबद्दल, म्हणजे गाडी या रुळावरून त्या रुळावर घेणारे सांधे फिरवणाऱ्या माणसाबद्दल, लिहिलं: ‘माझे वडील याच लाइनला पॉइंट्समन होते. उन्हापावसात आयुष्य काढलं त्यांनी. त्यांच्या नोकरीचं तुम्ही खेळणं केलंत, आणि त्यात ते कुठेच नाहीत.’

रुळांचं आधी बोलतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.

माझं प्रमाण आहे १:८७, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं; या छंदातल्या लोकांच्या भाषेत एचओ. मीटरगेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये १००० मिलीमीटर. त्याला ८७ ने भागलं की साडेअकरा मिलीमीटर येतात. मी टाकले होते साडेसोळा मिलीमीटरचे रूळ. ते उलटे मोठे करून बघा, १४३५ मिलीमीटर होतात. हे युरोपातलं स्टँडर्ड गेज. म्हणजे माझी रुकडीची लाइन खऱ्या मापाने जवळजवळ दीड फूट जास्त रुंद होती. ब्रॉडगेजवाले उलट बाजूने हीच तडजोड करतात. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर, या प्रमाणात ते सव्वाएकोणीसच्या आसपास येतं, पण बाजारात साडेसोळाच मिळतो, म्हणून त्यावरच चालवतात. त्यांना दुसरा मार्ग नसतो. मला होता. १२ मिलीमीटरचा रूळ मिळतो, साडेअकराला तो अगदी जवळचा. पण माझ्याकडे असलेलं एकुलतं इंजिन साडेसोळाचं, म्हणून मी रूळ त्याच्या मापाचे टाकले आणि लेखात बिनदिक्कत ‘मीटरगेज’ लिहून मोकळा झालो.

हे मला जास्त लागलं, कारण मी आयुष्यभर मापावरच जगलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीत मिळून ३८ वर्षं मी पॅटर्नमेकर होतो. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतण्याआधी वाळूत जो आकार उठवायचा, तो सागवानात करून देणं हे माझं काम. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलीमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टी असते, तिच्यावरचे आकडे मुळातच ताणलेले असतात. नव्या पोराने चुकून साधी पट्टी वापरली तर पॅटर्न डोळ्याला सुरेख दिसतो, आणि शंभर कास्टिंग भंगारात जातात. एवढं सगळं जाणणाऱ्या माणसाने पाच मिलीमीटर सोडून दिले.

तर परवा फलाटासमोरचे साडेसात फूट रूळ उखडले. खडी फेव्हिकॉलच्या पाण्याने बसवलेली असते. तिच्यावर कोमट पाण्यात भिजवलेली फडकी रात्रभर टाकून ठेवली, सकाळी पातळ पट्टी खालून सरकवत सरकवत रूळ सोडवले. एकही वाकला नाही. ते ठेवून दिलेत, पुढे मिरजेला लागतील. ब्रॉडगेज आल्यावर मिरजेत बरीच वर्षं तिन्ही गेज एकत्र नांदत होती: ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी. माझ्या प्रमाणात साडेसोळा, १२ आणि ९ मिलीमीटरचे रूळ शेजारी शेजारी टाकले की ते मिरज होईल. कधी होईल सांगता येत नाही, पण रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारताना माझ्या डोक्यात तेच असतं.

पैशाचं लांबवत नाही. मला पेन्शन म्हणावी अशी पेन्शन नाही, पीएफची जेमतेम येते. इंजिन जुनं, पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून घेतलेलं. माती म्हणजे वाळवून चाळलेली चहाची पूड. झाडोरा म्हणजे सॉमिलमधला भुसा, हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला. फलाटामागचा ऊस सुतळीचा आहे: बोटभर तुकडे कापायचे, टोकं पिंजायची, खाली पिवळट, वर हिरवा रंग द्यायचा. दोन गुंठ्यांचा ऊस उभा करायला मला अख्खा श्रावण लागला. खर्च आला तो सुतळीचा आणि रंगाचा.

आणि हे कोल्हापूर आहे. इथे माणूस कबुतरांपायी दुपारभर गच्चीवर उन्हात उभा राहतो. पाडव्याला म्हैस सजवून मिरवतो, पेठेच्या फुटबॉलसाठी कामावर दांडी मारतो. त्याला कोणी विचारत नाही की हे शोभतं का. आपण म्हणतो, नाद आहे त्याला. माझाही नादच आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ मध्ये लोकांना खुलं झालं. तिथे मी एकदा मुलाला घेऊन गेलो. मुलगा अर्ध्या तासात कंटाळला, मी तीन तास हललो नाही. तिथून हे सुरू झालं. आणि परदेशी खूळ म्हणाल, तर एक साल सांगतो: १८९१. त्या वर्षी जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरलेल्या मापांच्या रुळांवरच्या गाड्या मांडल्या, आणि त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाची मिरज–कोल्हापूर गाडी सुरू झाली. दोन्ही एकाच वयाच्या.

आता पूर. ‘लोकांची घरं वाहून जातात तेव्हा तुम्ही इंजिनं वाचवत बसता का?’ असं तुम्ही विचारलंत. प्रश्न रास्त आहे, म्हणून जे झालं ते सांगतो.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझा पहिला लेआउट खालच्या खोलीत होता, अकरा वर्षांचं काम. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत संध्याकाळी घोट्याएवढं होतं, पहाटे कमरेला लागलं. शेजारच्या आजींना अर्धांग झालेला. त्यांना खाटेसकट उचलून आमच्या माडीवर आणलं, मग दोन घरांचे सिलिंडर, धान्याचे डबे, पोरांची दप्तरं. खालच्या खोलीचं दार मी उघडलंही नाही. उघडलं असतं तर पाय तिथेच अडकले असते, हे मला माहीत होतं.

पाणी ओसरल्यावर सहाव्या दिवशी दार ढकललं. प्लायवूड फुगून एकेक पदर सुटला होता, भिजलेल्या वहीसारखा. सगळ्यावर बोटभर गाळ, आणि तो वास अजून नाकात आहे. रूळ मात्र शाबूत निघाले, ते निकेल सिल्व्हरचे असतात, गंजत नाहीत. डब्यांच्या चाकांचे पोलादी आस तेवढे लाल झाले होते. इंजिनाची मोटर खोलून स्वच्छ पाण्यात धुतली, आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली, आणि ती फिरली. त्या दिवशी मी पायरीवर बसून रडलो. तेवढं रडायला मला काही चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्यांची भिंत गेली त्यांच्यापुढे माझं नुकसान काहीच नव्हतं. पण तेही माझंच होतं.

नवा लेआउट माडीवर आहे, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवर. घरात मंडळींशी ठरलेलं आहे: जेवणाच्या वेळी रंगाचा वास नको, आणि तिच्या भजनाच्या दिवशी खालचा कपबशांचा व्याप मी बघायचा. तिला गाड्यांत रस नाही, मला भजनात गाता येत नाही. छान चाललंय.

आणि आता तुमच्या वडिलांबद्दल.

लेखात मी एक गोष्ट लिहिली नव्हती, कारण ती फोटोत दिसत नाही. रविवारी दुपारी आमच्याकडे गल्लीतली चार-पाच पोरं येतात, त्यातला एक आयटीआयला वायरमनचा कोर्स करतो. लाइन एकेरी आहे. एका टोकाला कोल्हापूर, दुसऱ्या टोकाला मिरज, मधे रुकडी. खरं अंतर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटरचं. १:८७ ने करायचं म्हटलं तरी साधारण साडेपाचशे मीटर रूळ लागतील, आणि माझी खोली अकरा फुटांची. म्हणून वळसे घेऊन तीच लाइन तीनदा फिरते. आमचा एकच नियम आहे. एक काचेची गोटी आहे, हिरवी. ज्याच्या हातात गोटी त्याचीच गाडी लाइनवर जाणार. समोरच्याने गाडी आत घेतली, सांधा परत सरळ केला, सिग्नलचा हात आडवा केला, की मग गोटी त्याच्या हातात. गोटी नसताना गाडी हलवली तर त्या दिवशी पुन्हा पाळी नाही.

तुम्हाला ही गोटी ओळखता येईल. आपल्याकडे एकेरी मार्गांवर गाडीला पुढे जायची परवानगी म्हणून नील नावाच्या यंत्रातला पोलादी गोळा असायचा. दोन स्टेशनांची यंत्रं तारेने जोडलेली. एकातून गोळा बाहेर काढला की तो परत जागेवर जाईपर्यंत दुसऱ्यातून निघतच नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला, आणि न थांबणारी गाडी असली तर ती कडी उंच धरून फलाटाच्या कडेला उभा राहायचा तो माणूस. ड्रायव्हर धावत्या इंजिनातून हात घालून ती घ्यायचा. मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांबरोबर मिरजेला जाताना ते पाहिलंय. कोणतं स्टेशन ते आठवत नाही. पाऊस होता, इंजिनाची वाफ डब्यावर आली, आणि कडी धरलेला तो हात जरासुद्धा हलला नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लाइन ब्रॉडगेज झाली. मुंबईहून येणाऱ्याला पुण्यात गाडी बदलायची गरज उरली नाही, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण तो हात माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही. मी हा लेआउट करायला बसलो, त्याच्या मुळाशी तो आहे.

आणि तरीही माझ्या फलाटावर तो माणूस नाही. इमारत आहे, ऊस आहे, पाण्याची टाकी आहे, गुळाच्या रव्यांनी भरलेली बैलगाडीसुद्धा आहे. तुमची प्रतिक्रिया वाचून मी वर गेलो, दिवा लावला आणि बघितलं. एक प्रवासी, एक बैलगाडीवाला आणि एक कुत्रं. ज्याच्यामुळे गाडी चालायची त्याची जागा रिकामी. हे तुम्ही दाखवलंत. माझ्या घरच्यांना, रविवारच्या पोरांना आणि मला, कोणालाच इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

‘खेळणं केलंत’ हे मात्र मला मान्य नाही. एखादी गोष्ट लहान करायची तर ती आधी पुरती कळावी लागते. सिग्नलचा हात आडवा म्हणजे थांब आणि खाली पडला म्हणजे ये, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तार तुटली तर तो आपोआप आडवाच व्हावा म्हणून मागे वजन लावलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं जेव्हा माझ्या सिग्नलचा चिमुकला हात पुन्हा पुन्हा खाली पडून राहायला लागला. ज्यांनी ते खरोखर चालवलं त्यांच्याबद्दल माझा आदर त्या दिवशी वाढला.

म्हणून ठरवलंय. साडेपाच फुटी माणूस माझ्या प्रमाणात १९ मिलीमीटरचा होतो. बाजारातला प्लॅस्टिकचा युरोपियन माणूस रंगवून मला तिथे उभा करायचा नाही. जुन्या पॅटर्नमधला सागवानाचा एक तुकडा शिल्लक आहे, त्यातून मी तो कोरणार आहे. त्यासाठी तुमची मदत लागेल.

तुमचे वडील डोक्याला काय बांधायचे, फेटा, टोपी की पावसात नुसतं गोणपाटाचं घोंगतं? सांध्याचा खटका ते उभ्याने ओढायचे की पाय टेकवून? संध्याकाळी सिग्नलचे दिवे लावायला शिडीवर तेच चढायचे का, की दिव्यांना वेगळा माणूस होता? चालत्या गाडीला कडी देताना ते गाडीच्या दिशेला तोंड करून उभे राहायचे, की पाठ करून? आणि रात्री कडी एका हातात असली, तर कंदील कोणत्या हातात असायचा?

एखादा फोटो असेल तर फारच चांगलं, नसेल तर आठवेल तसं लिहा. जमलं तर एखाद्या रविवारी चारच्या सुमारास या. १२ मिलीमीटरचे रूळ तोवर बसलेले असतील. मिरजेच्या टोकाला तुम्ही बसा, गोटी पहिली तुमच्याकडे.