घाम गाळला की शुगर पळते म्हणे!

‘आरोग्य फुकट असतं, आजार आपण विकत घेतो’ हा मेसेज गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर तीनदा आला. मतलब असा : आजोबा भाकरी-ठेचा खाऊन नव्वदी गाठायचे, शुगर-बीपी हे एसीत बसणाऱ्यांचे रोग, टेन्शन साहेबाला, शिपाई निवांत घोरतो, चालणं, झोप, पाणी यांना पैसे पडत नाहीत, तंबाखू सोडा, सरकारी दवाखाना तर आता फुकटच, आणि मन खंबीर असलं की जंतू काय वाकडं करणार! माझं नाशिकला पेठ रोडवर मेडिकल आहे. सकाळी शटर उघडतो तेव्हा समोर कामाची वाट बघत मजूर उभे असतात. त्यामुळे गप्प बसवलं नाही.

आजोबांचं आधी उरकतो. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, हाताला लागली पाच. नव्वदीच्या आजोबांचा फोटो भिंतीवर आहे, त्या चौघांचा कुठेच नाही. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आता ते सत्तरीला टेकलंय. ठेचा तेव्हाही होता.

शुगरचं म्हणाल तर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मधुमेह पाहणीचे १५ राज्यांचे निष्कर्ष २०१७ साली आले. खेड्यांत सुखवस्तू घरांतच शुगर जास्त, हे त्यातही दिसलं. पण महाराष्ट्राच्या शहरी भागात उलटं निघालं, वरच्या थरापेक्षा खालच्या थरात प्रमाण जास्त. मला काउंटरवरून ते दिसतच होतं. दिवसभर घमेली उचलणारा माणूस चहा-बिस्किटावर आणि वडापाववर दुपार काढतो, कारण तेवढ्या पैशात पोट भरल्यासारखं दुसऱ्या कशानं वाटत नाही.

आता घोरणारा शिपाई. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८ हजार पुरुषांची पाहणी १९६७ पासून झाली, व्हाइटहॉल पाहणी म्हणतात तिला. त्यात खाणकामगार कुणी नाही, सगळे कचेरीतले, उपचारही सरकारी. तरी सगळ्यात खालच्या पदावर हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त भरलं. सिगारेट, बीपी हिशेबात धरूनही मोठा फरक उरलाच.

चालणं-झोप-पाणी मात्र सावकाश घेऊ. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मीही जातो, झाडी आहे, बरं वाटतं. तिथं जायला सकाळचा मोकळा तास लागतो, तो माझ्याकडे आहे. अंबडला, कारखान्यांच्या वसाहतीकडे, एका खोलीत दोन पाळ्यांची पोरं राहतात. एक उठला की त्याच गादीवर दुसरा पडतो, आणि बाहेर दिवसभर वर्दळ.

पाण्याची गोष्ट तर कालपरवाची. सुरगाण्याकडची एक ताई, दिंडोरीच्या द्राक्षबागेत थिनिंगच्या, म्हणजे घड विरळ करायच्या, कामाला जाते. म्हणाली, “भाऊ, उन्हाळी लागलीय, काहीतरी द्या.” गेल्या महिन्यातही तिनं हेच नेलं होतं. विचारलं, पाणी किती पिता? तर म्हणे, “बागेत सगळी गडीमाणसं, आडोसा कुठंय? सकाळपासून घोट घेत नाही, संध्याकाळी घरी गेल्यावरच.” मी आधी डॉक्टरांना लघवी दाखवा म्हटलं, आणि सवयीनं पुढे बोलून गेलो, “भरपूर पाणी प्या.” ती नुसती हसली.

फुकट दवाखान्याबद्दल तक्रार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचाराला पैसे पडत नाहीत, आणि मी स्वतः लोकांना तिकडे पाठवतो. पण रांगेत गेलेली सकाळ म्हणजे बुडालेली हजेरी. मग गडी माझ्याकडे येतो, “चारच गोळ्या कापून द्या.” कात्री मी गल्ल्याशेजारीच ठेवतो, कापताना एक्स्पायरीची तारीख कुठल्या तुकड्यावर राहते ते बघावं लागतं. चार दिवसांनी काम लागलं तर तो पुढच्या चार नेतो, नाहीतर नागा. आणि बीपी वाढलं तरी दुखत नाही ना, म्हणून नागा बीपीच्या गोळीचाच. गुडघ्याची गोळी कधी चुकत नाही.

तंबाखू सोडा, हे त्या मेसेजमधलं वाक्य मला शंभर टक्के मान्य. (चिमूटभर मळली की दुपारची भूक मरते, हे मला गिऱ्हाइकांनीच सांगितलंय.)

राहिला जंतू. झारखंडमध्ये टीबीच्या पेशंटच्या घरच्यांवर एक मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२३ साली आले. पेशंटला शिधा सगळीकडेच दिला. निम्म्या गटात घरच्या माणसांनाही महिन्याला शिधा दिला, निम्म्यात नाही. ज्या घरांत सगळ्यांना मिळाला तिथं टीबीच्या नव्या केसेस ३९ टक्क्यांनी कमी निघाल्या. मोठ्या माणसामागे त्या पिशवीत होतं ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ.