हो म्हणायला बसलेला माणूस

"नुसतं हो म्हनायला एवढं शिकलासा व्हय?" कालपासून हे वाक्य डोक्यातून जात नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात आतेभावाचं हळदीचं अडत दुकान. लाइट गेली-आली आणि तिथला लिनक्सवरचा कॉम्प्युटर बसला. डिस्क तपासायला घेतली, तर एकेका दुरुस्तीला परवानगी मागायला लागली. 'हो'साठी 'वाय' दाबायचं. करू? वाय. हेही करू? वाय. ते बघून पोत्यावर बसलेले तोलाईदार काका वरचं बोलले. तपासणीला एकदाच सरसकट 'हो' सांगायची सोय असते. ती लावून काम उरकलं, पण राग राहिला. म्हणून कॉम्प्युटरचा पंखा तपासायच्या निमित्तानं त्यांना 'येस' दाखवली.

लिनक्सच्या आधीच्या, १९७९च्या युनिक्स सिस्टिमपासूनची ही कमांड. थांबवेपर्यंत वाय छापत राहायचं, एवढंच तिचं काम. स्क्रीनभर वाय धावायला लागले. काका बशी हातात धरून पुढं सरकले.

"कुनाला हो म्हनतोय त्यो?"

"कुणालाच नाही."

"इचारलंय कुनी?"

"कुणी नाही. पण विचारणारा प्रोग्रॅम पुढं जोडला, की त्याला उत्तर मिळतं."

"आमच्या सोसायटीच्या सभंला असलीच मान्सं असत्यात." मग विचार करून म्हणाले, "नको म्हनाय लावा की त्याला."

येसपुढं 'नको' लिहिलं. नको, नको, नको. काका एवढे हसले, की हमाल पोती टाकून बघायला आले.

मला चेव आला. 'राजापुरी हळद' लिहून, पुढं ठरावीक ओळी घेऊन थांबणारी 'हेड' कमांड जोडून हजार ओळींची फाइल केली. लेबलांचा प्रिंटर तपासायला फुकटचा माल! हजार ओळी झाल्या की हेड उठून जातं, मग दोघींना जोडणारा पाइप तुटतो आणि येसही गप्प होते. शेवटी तिचं सगळं छापणं डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तळ नसलेल्या कचरापेटीत, सोडलं. प्रोसेसरचा एक कोर पूर्ण कामाला लागला, पंखा घरघरला, पण मशीन तापून बंद पडलं नाही. पंखा शाबूत.

"मंजी काम करतंय, पन उपेग न्हाई," काका म्हणाले. बघत होते माझ्याकडं.

बिलिंगवाला फोनवर "बंद करून चालू करा" सांगतो, त्याचे वर्षाचे पैसे न मागता जातात. मी घरचा. आतेभावानं भडंगाची पुडी हातावर ठेवली आणि म्हणाला, "आलाच आहेस तर प्रिंटरपण बघ."

भडंग सादळलेलं होतं.