नकलाकार कोण? 'एक जुना श्रोता' यांना उत्तर

1950 च्या दशकातला अमेरिकन रॉकबिली (कंट्री आणि काळ्यांचं ब्लूज यांच्या मिश्रणातून आलेला रॉक अँड रोल) गायक सनी बर्जेस याच्यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक जुना श्रोता' या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा मथितार्थ असा : बर्जेस आणि त्याच्याच काळातले गायक चार्ली फेदर्स, बिली ली रायली हे सगळे एल्व्हिस प्रेस्लीचे नकलाकार; अंगात दम असता तर आर्कान्सा-टेनेसी या राज्यांबाहेर नाव झालं असतं; आणि मराठी ब्लॉगवर या पडेल गवयांचे गोडवे कशाला? खाली चार ओळींत उरकणारं हे प्रकरण नाही, म्हणून इथेच लिहितो.

आधी नकलेचं बघू. एल्व्हिसची पहिली तबकडी जुलै 1954 मध्ये टेनेसीतल्या मेम्फिस शहरातल्या 'सन रेकॉर्ड्स' या कंपनीने काढली. तेव्हा तो ट्रक चालवत होता. गिटारवाला स्कॉटी मूर आणि बासवाला बिल ब्लॅक हे दोघे आधीपासून एका हिलबिली (ग्रामीण गोऱ्यांचं संगीत वाजवणाऱ्या) बँडमध्ये वाजवत होते. त्याच वर्षी श्रीव्हपोर्टच्या 'लुइझियाना हेराइड' या शनिवार रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमाशी त्यांचा करार झाला. बिदागी दर कार्यक्रमाला एल्व्हिसला 18 डॉलर, बाकी दोघांना 12-12. म्हणजे 1955 संपेपर्यंत तुमचा एल्व्हिससुद्धा 'प्रादेशिक'च होता. 'कंट्री' या ग्रामीण वळणाच्या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या राष्ट्रीय यादीत त्याचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलं गाणं 'आय फरगॉट टु रिमेंबर टु फरगेट'. त्यावर गीतकार म्हणून स्टॅन केस्लर यांच्या जोडीला कोणाचं नाव आहे? चार्ली फेदर्सचं. तुमच्याच यादीतला!

'सन'चाच दुसरा गायक कार्ल पर्किन्स याचं प्रकरण आणखी बोलकं आहे. टेनेसीत दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणाऱ्या गरीब गोऱ्या घरातला हा मुलगा. गिटार शिकला तो शेतावरच्या जॉन वेस्टब्रुक या वयस्क काळ्या मजुराकडून. पुढे जॅक्सन गावात बेकरीत नोकरी आणि रात्री भावांना घेऊन दारूच्या अड्ड्यांवर वाजवणं, हा त्याचा दिनक्रम. रेडिओवर एल्व्हिसचं गाणं लागलं तेव्हा हे तर आपल्या नवऱ्यासारखंच वाजतंय असं त्याच्या बायकोला वाटलं, आणि मग पर्किन्सने मेम्फिसची वाट धरली. नकलेचा माग काढायचाच असेल तर तो वेस्टब्रुकसारख्यांच्या दारात नेऊन सोडतो, आणि तिथे एल्व्हिससकट सगळेच देणेकरी निघतात.

खुद्द बर्जेसबद्दल एवढंच म्हणेन की त्याचं 1956 चं 'रेड हेडेड वुमन' हे गाणं तुम्ही पुन्हा एकदा ऐका. त्यात जॅक नान्सचा ट्रम्पेट आहे. सुरेल वगैरे अजिबात नाही. भांडणात मध्येच तोंड घालणाऱ्या शेजाऱ्यासारखा तो घुसतो आणि मग बाहेर पडायचं नाव घेत नाही. 'सन'मध्ये एल्व्हिसने केलेल्या एकाही तबकडीवर ट्रम्पेट नाही. बर्जेस केस लाल रंगवून स्टेजवर यायचा, त्याच्या 'पेसर्स' या बँडमधले वादक एकमेकांच्या अंगावर चढून मनोरा रचायचे, गर्दीत उड्या मारायचे. आर्कान्सातल्या न्यूपोर्ट परिसरातल्या क्लबांमध्ये नाचायला आलेल्या लोकांना खिळवून ठेवायचं तर नुसत्या गोड गळ्यावर भागत नसे. ही कला त्या पोरांनी तिथेच, रात्री जागवून कमावली होती.

आता 'दम असता तर' या मुद्द्याकडे येतो. यात तुम्ही पैशाचा हिशेब पूर्ण विसरलात. 'सन' ही छोटी कंपनी. तबकड्या दाबून देणाऱ्या कारखान्याचं बिल आधी भरायचं आणि वितरकांकडून पैसे सावकाश यायचे. त्यामुळे गाणं जितकं जोरात चाले, तितकी मालकाला रोकड कमी पडे. 'सन'चा मालक सॅम फिलिप्स याने नोव्हेंबर 1955 मध्ये एल्व्हिसचा करार आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीला 35,000 डॉलरला विकला, त्यामागे हीच ओढाताण होती. अशा कंपनीला एका वेळी एखाद्याच गाण्यामागे ताकद लावता येते. बाकीच्यांनी थांबायचं.

रायलीचं तेच झालं. 1957 मध्ये त्याचं 'रेड हॉट' बाजारात आलं आणि त्याच सुमारास 'सन'च्याच जेरी ली लुइसचं 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर'. कंपनीने आपल्याला वाऱ्यावर सोडून सगळा जोर लुइसवर लावला, असं रायली शेवटपर्यंत म्हणत राहिला. गंमत म्हणजे रायलीच्या बँडमधला गिटारवाला रोलंड जेन्स आणि ड्रमर जे. एम. व्हॅन ईटन हेच लुइसच्या 'होल लॉट्टा शेकिन' गोइंग ऑन'वरही वाजवतायत. हात तेच होते!

पर्किन्सला तर कंपनीचा पाठिंबाही होता. त्याचं 'ब्लू स्वेड शूज' 1 जानेवारी 1956 ला बाजारात आलं आणि तुफान खपलं. 22 मार्चला टीव्ही कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना डेलावेअरमध्ये गाडीला भीषण अपघात झाला. तो दुखणं काढत असतानाच, 3 एप्रिलला, एल्व्हिसने टीव्हीवर तेच गाणं गायलं. यात गुणवत्तेचा काय संबंध, तुम्हीच सांगा.

एका बाबतीत तुमचं मान्य आहे. एल्व्हिसचा प्रभाव होताच. 1955 मध्ये त्याच्याबरोबर दौरे करणाऱ्या वांडा जॅक्सन या गायिकेला रॉकबिलीचा हा नवा बाज गायचा आग्रह त्यानेच केला, हे ती स्वतः सांगते. पण ती काही त्याची चेली नव्हे. शाळेत असतानाच ओक्लाहोमा सिटीच्या रेडिओवर गायची. तिथे कंट्री गायक हँक थॉम्पसनने तिला ऐकलं आणि आपल्या बँडबरोबर गायला बोलावलं. 1954 मध्ये तिची तबकडी कंट्रीच्या यादीतही लागली होती, एल्व्हिसशी गाठ पडायच्या आधी.

राहता राहिलं 'मराठीत कशाला?' मला आवडतं म्हणून. पुढचा लेख वांडा जॅक्सनवरच आहे आणि त्यात तिचं 'फुजियामा मामा' अमेरिकेत पडलं पण जपानमध्ये कसं गाजलं, ते येईल. तोही पटला नाही तर जरूर लिहा. फक्त त्याआधी तो ट्रम्पेट ऐकून या.