वाईच बोलू का?

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक तक्ता टाकला. डाव्या बाजूला इंग्रज माणूस तोंडाने काय बोलतो, उजव्या बाजूला त्याच्या मनात काय असतं. ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर समजावं, त्याला फारसं आवडलेलं नाही. ‘आय विल बेअर इट इन माइंड’ म्हणाला तर तो केव्हाच विसरलाय. ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ म्हणजे तू मूर्ख आहेस. खाली दादाने लिहिलं होतं, ‘असली ढोंगी भाषा आपल्याला नको. कोल्हापूरचा माणूस पोटात एक आणि ओठात एक ठेवत नाही.’ त्यावर काकांपासून मावसभावांपर्यंत सगळ्यांचे अंगठे.

निमित्त भाच्याचं होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजात नोकरीसाठी ग्रुप डिस्कशन होतं. क्लासमध्ये त्याच्याकडून वाक्यं घोटून घेतली होती: ‘आय स्ट्राँगली बिलीव्ह’, ‘आय टोटली डिसअग्री’. त्याने ती खणखणीत म्हटली आणि पुढच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. तुझं इंग्रजी चांगलं आहे, पण तू समोरच्याला बोलायला जागाच ठेवली नाहीस, असं त्याला सांगण्यात आलं. पोर हिरमुसलं आणि दादाचा सगळा राग इंग्रजीवर निघाला.

आठवडाभर इथे इंग्लंडमध्ये, सेल या माझ्या गावाहून मँचेस्टरला ट्रामने जाता-येता माझ्या डोक्यात हेच घोळतंय. चौदा वर्षं मी या लोकांमध्ये काम करते, त्यांच्या इंग्रजीत भांडते, त्यांच्या इंग्रजीत दुःखाला जाते. त्यांना कुणी सरसकट ढोंगी म्हटलं की मला लागतं.

मुळात क्लासवाल्यांनी त्याला शिकवलेलं इंग्रजी इथे चहाच्या टेबलावर कुणी बोलत नाही. ‘इन माय ओपिनियन’ हे निबंधात शोभतं. बोलताना माणसं ‘आय थिंक’ म्हणतात, आमच्या उत्तरेकडे ‘आय रेकन’. पटलं नाही तर ‘आयम नॉट शुअर अबाउट दॅट’. समोरच्याचा मुद्दा मान्य असेल तर ‘फेअर इनफ’, आणि अनुपस्थित माणसाची बाजू घ्यायची असेल तर ‘टू बी फेअर’. खरंच कडू बोलायचं असेल तर आधी ‘आयम नॉट बीइंग फनी, बट’ येतं, आणि ते ऐकलं की टेबलावरचे सगळे सावरून बसतात. यात लपवाछपवी कुठे आहे? ऐकणाऱ्याला सगळं कळतं. ‘नॉट शुअर’ म्हणणाऱ्याचा नकार इथल्या शाळकरी पोरालाही समजतो.

आणि इंग्रज सगळे एका साच्याचे नाहीत. पेनाइन्सची डोंगररांग ओलांडून शेजारच्या यॉर्कशरला गेलं की तोंडावर बोलण्याचा तोच अभिमान भेटतो जो दादाला आहे. दादाला माझी तिथली सहकारी फार आवडेल.

पण मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मऊ बोलणं जणू मराठीत नव्हतंच, असं आपण धरून चाललोय. अरे दादा, आपली आजी काय बोलायची? ‘वाईच थांब की.’ ‘वाईच मीठ कमी पडलंय वाटतं.’ इंग्रज ‘अ बिट’ म्हणतो तिथे आपल्याकडे ‘वाईच’ आहे, आणि आज्ञेची धार काढणारा तो ‘की’ कोल्हापूरइतका गोड मी कुठेच ऐकलेला नाही. ‘बस’ आणि ‘बस की’ यांतलं अंतर शाहूपुरीतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. वाक्याच्या शेवटी येणारं ‘वाटतं’ बघा: ‘दमलास वाटतं.’ किंवा ‘म्हणे’: ‘ते घर विकणार म्हणे.’ पाहिलेलं, ऐकलेलं आणि नुसतं वाटलेलं वेगळं ठेवायची केवढी सोय आहे ही.

इंग्रज विनंती करताना भूतकाळात जातो, ‘आय वॉज वंडरिंग’ म्हणतो. आपणही तेच करतो. शेजारच्या काकू दारात येऊन ‘म्हटलं, जरा विचारून बघावं’ म्हणायच्या. विचारणं तर अजून व्हायचंय, तरी ‘म्हटलं’. म्हणजे नाही म्हणायला समोरच्याला वाट मोकळी. घरातून निघताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणणारी आणि फुटलेल्या बांगडीला ‘वाढवली’ म्हणणारी आपली माणसं. त्यांना कुणी ढोंगी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

सभ्य बोलण्याचा जो सिद्धांत जगभर शिकवला जातो, तो पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी 1978 मध्ये मांडला. त्यासाठी त्यांनी तीन भाषा घेतल्या होत्या: इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्याकडची तमिळ. समोरच्याचा मान राखून कसं बोलावं, हे समजून घ्यायला ते तमिळनाडूच्या खेड्यातल्या माणसांपर्यंत गेले, आणि आपण मात्र मऊपणा विलायतेतून आलेला समजतो.

मग आपला मऊपणा गेला कुठे? मला वाटतं, ‘मवाळ’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरायला लागलो तेव्हा तो जायला लागला. ‘जहाल’ म्हटलं की छाती फुगते. मवाळांचे पुढारी गोपाळ कृष्ण गोखले 1897 मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत आले होते. पुण्यातल्या प्लेगच्या वेळी सैनिकांनी केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी इथे सांगितलं, ते आमच्याच गावच्या ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये छापून आलं. परत गेल्यावर पुरावा देता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यांना त्यासाठी किती ऐकावं लागलं! मला मात्र ती माफी फार मोठी वाटते. सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायलाही हिंमत लागते. आज आपल्या वाहिन्यांवर संध्याकाळी सहा माणसं एकाच वेळी ओरडत असतात, त्यांतलं कुणी कधी काही मागे घेतलेलं आठवतंय? इथे संसदेच्या कॉमन्स सभागृहात दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हणता येत नाही, म्हटलं तर शब्द मागे घ्यावा लागतो. आरडाओरडा तिथेही होतो, पण ही एक मर्यादा त्यांनी टिकवली आहे आणि मला तिचा आदर वाटतो.

मी फार्मासिस्ट आहे, रुग्णालयात काम करते. नवीन होते तेव्हा एका वॉर्डात जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा डोस जास्त लिहिलेला दिसला. रुग्णाची मूत्रपिंडं कमकुवत होती, तेवढं औषध त्यांना झेपलं नसतं. मी सगळ्यांसमोर डॉक्टरांना ‘धिस इज राँग’ म्हटलं. डोस बदलला, पण ते डॉक्टर पुढचे दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. माझी वरिष्ठ बाई मला किचनमध्ये घेऊन गेली, किटली लावली आणि म्हणाली, ‘तू बरोबरच होतीस. पुढच्या वेळी विचार, आज सकाळचं क्रिएटिनिन बघितलंत का?’ मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी ही रक्ततपासणी. नंतर मी तसं विचारायला लागले. डॉक्टर कागद पुन्हा बघायचे, डोस स्वतः खोडायचे आणि वर थँक्यू म्हणायचे. चूक तीच, दुरुस्ती तीच, फक्त ती करायचा मान त्यांच्याकडे राहायचा.

आणि मऊ बोलून भागत नाही तेव्हा काय करायचं, हेही याच लोकांनी मला शिकवलं. आमच्याकडे तीन पायऱ्यांचं प्रशिक्षण असतं. आधी ‘आयम कन्सर्न्ड’. ऐकलं नाही तर ‘आयम अनकम्फर्टेबल’. तरीही नाही, तर ‘धिस इज अ सेफ्टी इश्यू’, आणि इथे हातातलं काम थांबवायचं. दरवर्षी नव्या मुलांना मी हे शिकवते. भाच्यालाही मी हेच सांगणार आहे: सुरुवात ‘आय सी इट अ बिट डिफरंटली’ने कर, आवाज चढवायला नंतर जागा असते.

हे सगळं ग्रुपवर लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. कारण दादा एका वाक्यात मला गप्प करू शकतो, आणि ते वाक्य त्याने या वादात अजून वापरलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना. दादाने फोटो पाठवला, चालू असलेल्या गोळ्यांचं नाव पाठवलं. मी इथे ट्रामच्या फलाटावर उभी होते. फोटो बघताक्षणी मला कळलं की त्या गोळ्यांनी हे आवरणार नाही. लाली घोट्याच्या वर चढली होती. मी फोन केला आणि म्हणाले, ‘दादा, मला असं वाटतंय, जमलं तर वाईच दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं का?’

दादा म्हणाला, ‘बघू की, सोमवारी.’ आणि मी ‘बरं’ म्हटलं. चार दिवस गेले. बाबांची दोन बोटं काढावी लागली.

नंतर दादाने एकदाच विचारलं, ‘तुला कळलं होतं तर तू स्पष्ट का बोलली नाहीस?’ मी इंग्रजी सवयीला दोष दिला, तो त्याने खरा मानला, आणि म्हणूनही तो तक्ता आलाय. पण ते खरं नव्हतं. तिन्ही पायऱ्या मला पाठ होत्या. परक्या डॉक्टरांपुढे मी त्या चढू शकते. दादापुढे पहिलीच्या वर पाय गेला नाही. रात्री-अपरात्री उठून बाबांना बघतो तो, दवाखान्याच्या रांगेत बसतो तो, आणि मी फलाटावरून हुकूम सोडणारी कोण? घर सोडून आले त्या दिवसापासून तिथल्या कुठल्याही गोष्टीत ‘असंच कर’ म्हणायचा हक्क मी स्वतःच स्वतःकडून काढून घेतला आहे. माझा ‘वाईच’ त्या दिवशी आजीचा नव्हता आणि इंग्रजांचाही नव्हता.

दादा, तुझ्या तक्त्यात एक ओळ वाढव. डाव्या बाजूला लिही: बहीण म्हणाली, जमलं तर दाखवावं का. उजव्या बाजूला: आत्ता गाडी काढ, बाबांना घेऊन जा, मी घाबरले आहे.